पिसं, पिसं आणि पुन्हा पिसंच: इंग्रजीतल्या पिसांच्या शब्दांचं मराठीत काय करायचं?

वळचण

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मुलांचं एक पक्ष्यांवरचं पुस्तक इंग्रजीतून मराठीत करायला घेतलंय. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी, चाळीस पानं, त्यात चित्रंच जास्त. पंधरा दिवसांत हातावेगळं होईल असं वाटलं होतं. पहिली अकरा पानं झालीही भराभर. बाराव्या पानावर बदकाच्या पिल्लाचं चित्र आहे आणि खाली चार ओळी. त्या चार ओळींत फेदर, डाऊन, क्विल, प्लूम आणि फ्लेज्ड (म्हणजे उडण्यापुरती पिसं फुटलेलं) असे पाच शब्द. माझा पहिला खर्डा जसाच्या तसा देते:

'पिल्लाच्या अंगावर आधी मऊ पिसं असतात. मग खरी पिसं येतात. पिसाच्या मधोमध पिसाचा दांडा असतो. सगळी पिसं आली, डोक्यावरही पिसं आली, की पिल्लू उडतं.'

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'हे वाचून मुलांना पिसं लागेल.'

तर प्रश्न असा, की हे शब्द मराठीत नाहीतच, की मला येत नाहीत? शब्दकोश पाहिले. तिथे डाऊनसमोर 'मऊ पिसे', प्लूमसमोर 'मोठे पीस' आणि क्विलसमोर 'पिसाचा दांडा'. म्हणजे शब्दकोशवाल्यांचीही माझ्यासारखीच गत. कबुतराचं एक पीस गॅलरीत पडलं होतं, ते सध्या टेबलावर समोर ठेवलंय. त्याच्याकडे बघून काही सुचतंय का बघते.

शंकासुर

नाहीतच. इंग्रजीत आहेत, आपल्याकडे नाहीत, विषय संपला. 'डाऊन' लिहा सरळ. थंडीची जॅकेटं विकणारे लिहितातच की. पुढच्या पिढीला तोच शब्द येणार आहे.

ढोबळी_मिरची

आठ वर्षांच्या पोराने डाऊन म्हणजे खाली हे नुकतंच पाठ केलेलं असतं. पिल्लाच्या अंगावर 'खाली' असतं, असं वाचेल ते.

खडूस_मास्तर

शंकासुरराव, घाई करू नका. ढोबळी_मिरची यांचा मुद्दा रास्त आहे, आणि गंमत म्हणजे ते दोन डाऊन एकमेकांचे कोणीही लागत नाहीत. खाली या अर्थाचा डाऊन जुन्या इंग्रजीतल्या 'टेकडीवरून' अशा अर्थाच्या शब्दाचा झिजलेला अवशेष. पिसांचा डाऊन आला समुद्रापलीकडून, नॉर्स लोकांच्या भाषेतून. वर्गात हे सांगितलं की निदान मागच्या बाकावरची दोन मुलं तरी जागी व्हायची.

आता मूळ प्रश्न. इंग्रजीत पिसांना इतके शब्द का, हे आधी बघू. इंग्रज काही आपल्यापेक्षा जास्त पक्षी बघत नव्हते. पण एका पिसाची त्यांच्याकडे चार-पाच वेगवेगळी कामं होती आणि ती करणारी माणसंही वेगळी. गादी भरणाऱ्याचं पीस म्हणजे डाऊन. टोपीवाल्याचं पीस म्हणजे प्लूम. लिहिणाऱ्याचं पीस म्हणजे क्विल. बाणाच्या शेपटाला पिसं बसवणारा तो फ्लेचर. शब्द पक्ष्यावरून आलेले नाहीत, दुकानांवरून आलेत.

क्विलचं उदाहरण घ्या. हंसाच्या जातीच्या पक्ष्याच्या, म्हणजे मुख्यतः गूजच्या, पंखाच्या टोकाची चार-पाच पिसं लेखणीला चालत. तीही डाव्या पंखाची असतील तर उत्तम. डाव्या पंखाचं पीस उजव्या हातात धरलं की त्याचा बाक बाहेरच्या बाजूला जातो, डोळ्यांपुढे येत नाही. दांडा कच्चा असला तर तापलेल्या वाळूत खुपसून कडक करत. मग छोट्या चाकूने तिरपा छेद, मधे चीर. दर थोड्या वेळाने टोक झिजे, की पुन्हा चाकू. तोच पेननाइफ. आज त्याने लोक आंबा कापतात, पण नाव लेखणीचंच राहिलं.

आणि सिनेमात शेक्सपिअर लिहितो ते झुबकेदार पांढरं पीस विसरा. लिहिणारे दांड्यावरचे केस बहुतेक सगळे सोलून टाकत. नाकात जाणारी वस्तू हातात धरून कोण दिवसभर लिहील?

पेन हा शब्दही पिसाचाच. लॅटिनमध्ये पेन्ना म्हणजे पीस.

ढोबळी_मिरची

मग पेन्सिलसुद्धा?

खडूस_मास्तर

नाही! इथेच सगळे फसतात. पेन्सिल आली 'छोटं शेपूट' या अर्थाच्या लॅटिन शब्दातून, कारण आधी पेन्सिल म्हणजे रंगाचा बारीक कुंचला. पेनिसिलिनही त्याच घरातलं, ती बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्यासारखी दिसते म्हणून. पेन आणि पेन्सिल एका कंपासपेटीत राहतात एवढंच, भाऊबंदकी नाही.

पेन्ने पास्ता मात्र खरोखर पेनच. तिरपी कापलेली ती नळी बघा, क्विलचं टोक.

वळचण

मास्तर, दंडवत. म्हणजे आपल्याकडे क्विलला शब्द नाही, कारण आपण पिसाने लिहिलंच नाही?

खडूस_मास्तर

बरोब्बर. आपण बोरूने लिहिलं. मग बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतली पोलादी निबं आली, तेव्हा टाक आला. बोरू, टाक, दौत, टीपकागद यांचे मराठी शब्द काढा, इंग्रज गप्प बसेल. 'बोरूबहाद्दर' या शब्दाचं एका शब्दात इंग्रजी करून दाखवा म्हणावं. ज्याचा धंदा आपण केला त्याचे शब्द आपल्याकडे आहेत.

शंकासुर

हे छान आहे. जे नाही त्याला 'आपल्याला गरज नव्हती' म्हणायचं. अशाने आपल्याला रॉकेटचीही गरज नव्हती.

चिमणराव_नव्हे

रॉकेटची होती की. बाण म्हणायचो. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

खुराडं

ताई, आमचा कोंबड्यांचा धंदा आहे, मिरजेकडं. मी शिकलेला माणूस नाही शब्दांचा, पण डाऊनला शब्द नाही हे काही पटलं नाही. अंड्यातून पिल्लू निघतं तेव्हा ओलं, चिकट, बघवत नाही. दोन-चार तासांत वाळलं की अंगावर लव फुटल्यासारखी दिसते. आमची आजी 'लव' म्हणायची, आम्ही 'लव' म्हणतो. हातात घेतलं की नुसती ऊब लागते, वजन कळतच नाही.

त्यानंतर आठवडाभरात पंखाच्या कडेनं बारीक सळ्या दिसायला लागतात. निळसर, चुन्याच्या नळीगत. घरात आम्ही 'सळ्या फुटल्या' म्हणतो. त्या सळीत रक्त असतं. पिल्लांनी एकमेकांना टोचून ती मोडली तर भळाभळा वाहतं आणि मग बाकीची पिल्लं त्या एकाच्या मागं लागतात, त्याला वेगळं काढावं लागतं. वाढ झाली की वरचं पापुद्र्यागत आवरण कोंड्यासारखं गळतं आणि आतून पीस उलगडतं. छत्री उघडल्यावानी.

मोठी कोंबडी वर्षातून एकदा पिसं झाडते. तेव्हा ती अशी दिसते की पाहुणे म्हणतात, हिला काय रोग झाला का. अंडी बंद. त्या दिवसांत धंद्याचं नाव काढू नये.

तुमच्या पुस्तकात लव लिहा.

वळचण

खुराडं दादा, काय सांगू! लव. अंगावरची लव, पानावरची लव, सगळं आयुष्य हा शब्द वापरला आणि पिल्लाच्या वेळी आठवला नाही. 'सळ्या फुटल्या' हेही उचलणार आहे, पुढच्या पानावर ते चित्र आहेच. तिथे इंग्रजीत 'पिन'चं पीस म्हटलंय आणि मी चक्क 'टाचणी-पिसे' लिहून ठेवलं होतं. हसू नका.

ढोबळी_मिरची

हहपुवा (हसून हसून पुरे वाट). टाचणी-पिसे.

दुर्बीणवाला

उशिरा आलो, सोलापूरला नेटवर्कची बोंब होती.

वळचणताई, टेबलावरचं कबुतराचं पीस हातात घ्या. दांड्याच्या एका बाजूला बारीक पन्हळ दिसेल, ती खालची बाजू. ती खाली करा, टोक तुमच्यापासून लांब धरा. आता दांड्याच्या दोन्ही अंगांची रुंदी सारखी आहे का? एक अंग अरुंद असेल तर ते उडायचं पीस. अरुंद अंग वारा कापतं. ते उजवीकडे असेल तर पीस डाव्या पंखाचं, डावीकडे असेल तर उजव्या. दोन्ही अंगं सारखी असतील तर बहुधा शेपटीच्या मधलं.

दुसरं, ते पीस मधोमध फाडा. म्हणजे पात्यातले तंतू एकमेकांपासून अलग करा. मग बोटांच्या चिमटीत धरून बुडाकडून टोकाकडे हलकेच ओढा. पुन्हा जुळेल. प्रत्येक तंतूला उपतंतू, उपतंतूला आकडे. झिपरची चेन हे माणसाला फार उशिरा सुचलं. पक्षी दिवसभर चोचीने हेच करत बसलेला असतो, त्याला इंग्रजीत प्रीनिंग म्हणतात. शेपटीच्या बुडाशी तेलाची गाठ असते, तिथे चोच घासायची आणि तेल पिसांना लावायचं. मराठीत 'पिसं साफ करणं' म्हणतात, मी 'पिसं विंचरणं' म्हणतो. मुलांना लगेच कळतं.

शास्त्राचे शब्द मुलांच्या पुस्तकात नसतील, तरी एक सांगतो. उड्डाणाच्या पिसांना लॅटिनमध्ये जे नाव आहे त्याचा अर्थ 'वल्हेकरी', आणि शेपटीच्या पिसांच्या नावाचा अर्थ 'सुकाणू धरणाऱ्या', तोही स्त्रीलिंगी. हवेला समुद्र समजून केलेली नावं आहेत. कबुतराला दर पंखामागे दहा मुख्य वल्ही आणि शेपटीत बारा सुकाणवाल्या.

आणि मराठी गरीब म्हणणाऱ्यांसाठी: मोराचा पिसारा ही मोराची शेपटी नव्हे. खरी शेपटी त्याच्या मागे असते, आखूड, वीस पिसांची, पिसाऱ्याला टेकू देणारी. इंग्रज बोलताना सर्रास दोन्हीला टेल म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे पिसाऱ्याला वेगळा शब्द आहे आणि पाच वर्षांचं मूलही तो वापरतं. पाऊस सरताना मोर तो गाळतो, तेव्हा माळावर आणि ओढ्याकाठी मोरपिसं सापडतात.

वळचण

केलं! अरुंद अंग उजवीकडे, म्हणजे डावा पंख. मास्तर, माझ्याकडे लेखणीचं पीस आहे म्हणायचं. (कबुतराचं असलं म्हणून काय झालं.)

फाडून जुळवून पण बघितलं. लेकीने हिसकावून घेतलं, आता ती अर्धा तास तेवढंच करतेय. उघड, मीट, उघड, मीट. जेवायला बोलावलं तर म्हणते, 'थांब, अजून थोडंसं जुळायचंय.'

अटकेपार

लंडनहून. वाचनमात्र असतो, पण आता राहवत नाही.

इथे जुन्या वस्तीत म्यूज नावाचे बोळ असतात. दगडी फरशी, दोन्हीकडे बुटकी घरं, आणि किमती ऐकल्या तर घेरी येईल. मला वाटायचं मांजराशी काही संबंध असेल. चौकशी केली तर निघालं पिसांचं! पक्ष्याने पिसं गाळणं म्हणजे मोल्ट, तो शब्द लॅटिन 'बदलणे' वरून. त्याच मुळाचा फ्रेंचांकडून आलेला भाऊ म्यू. शिकारी ससाणे पिसं गाळायच्या दिवसांत उडवत नसत, एका जागी कोंडून ठेवत. त्या जागेला म्यूज. राजाचे ससाणे आज जिथे ट्रॅफल्गर चौक आहे तिथे असायचे. १५३४ साली ती इमारत जळाली, पुन्हा बांधली ती घोड्यांसाठी, पण नाव तेच राहिलं. त्यामुळे म्यूज म्हणजे तबेला झाला. मग घोडे गेले, मोटारी आल्या, मग मोटारीही गेल्या आणि बँकवाले राहायला आले. खुराडं दादा, तुमच्या कोंबडीच्या पिसं झाडायच्या जागेला इथे कोटीकोटींचा भाव आहे.

ससाण्यांचाच आणखी एक. हॅगर्ड म्हणजे इंग्रजीत थकलेला, ओढलेल्या चेहऱ्याचा. मुळात हा शब्द पूर्ण वाढ झाल्यावर रानात पकडलेल्या मादी ससाण्याचा. पिल्लू असताना घरट्यातून काढलेला पक्षी माणसाळतो, हा रानातला माणसाळत नाही, डोळ्यांत रानच राहतं. आई व्हिडिओ कॉलवर 'किती ओढलेला दिसतोस' म्हणते तेव्हा मला हे आठवतं.

दुर्बीणवाला

वा अटकेपार. ससाण्याचा विषय काढलात तर आपल्याकडचं सांगतो. बहिरी ससाणा. उजनीच्या काठावर हिवाळ्यात शाळेच्या मुलांना घेऊन गेलो होतो. दुर्बिणीतून दाखवला, नाव सांगितलं. एक मुलगा लगेच मोठ्याने, 'सर, बहिरी आहे तर ओरडलो तरी चालेल ना?' ससाणा उडाला.

'बहिरी'चा कानाशी संबंध नाही. मूळ शब्द बहरी, अरबी 'बहर' म्हणजे समुद्र त्यातून. समुद्राकडचा पक्षी. फारसी-उर्दू बोलणाऱ्या बाजदारांनी आणलेला शब्द आपल्या तोंडात बहिरा झाला. तिकडे इंग्रजी नाव पेरेग्रीन म्हणजे परदेशी, वाटसरू. दोघांनाही तो बाहेरून आलेला वाटला.

बाजदारांचे शब्द फार नेमके होते. ससाणा-बाज जातीत मादी मोठी, नर लहान. म्हणून मादी 'बाज' आणि तिच्या नराला वेगळं नाव, 'जुर्रा'. इंग्रजीतही नराला वेगळा शब्द आहे, त्यात 'एक तृतीयांश' दडलंय, नर तेवढ्याने लहान म्हणून. शिक्रा तर आपल्याकडून इंग्रजीत गेला. मैना, बुलबुल, कोयल, मुनिया हेही गेले. आणि एक सुतार पक्षी आहे, डोक्यावर पिवळा, त्याच्या शास्त्रीय नावात आजही 'मराठा' आहे. १८०१ साली लॅथम नावाच्या इंग्रजाने ठेवलेलं. जुनी इंग्रजी पुस्तकं त्याला मराठा सुतारच म्हणतात.

शंकासुर

ठीक आहे, पण मग थव्यांची नावं? कावळ्यांचा मर्डर, चंडोलांचं एक्झाल्टेशन, साळुंक्यांच्या भाऊबंदांचं मर्म्युरेशन. आपल्याकडे सगळ्यांचा एकच थवा. इथे तरी हार माना.

खडूस_मास्तर

ती यादी १४८६ च्या सेंट अल्बन्सच्या छापील पुस्तकातली. शिकार करणाऱ्या बड्या लोकांनी आपलं मोठेपण मिरवायला गोळा केलेली. त्यातली निम्मी थट्टा आहे. इंग्लंडातला शेतकरी शेतात बसलेल्या कावळ्यांना मर्डर म्हणत नव्हता, आजही म्हणत नाही. प्रश्नमंजूषेत विचारतात म्हणून टिकलीत. एकट्या मर्म्युरेशनने मात्र पोट भरलं, कारण हिवाळ्यात संध्याकाळी त्या थव्याचा आवाज खरंच तसा, कुजबुजल्यासारखा येतो.

आपल्याकडे उलटं झालं. मारुती चितमपल्लींनी विदर्भाच्या जंगलात राहून माणसांकडून शब्द वेचले आणि लागले तिथे घडवले. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार. मला तरी ते मर्डरपेक्षा उपयोगी वाटतात.

दुर्बीणवाला

सातभाई मराठीत भाऊ आणि इंग्रजीत सेव्हन सिस्टर्स. सातही एकदम बोलत असतात, कोणी कोणाचं ऐकत नाही. इथल्या धाग्यांसारखं.

स्मॅश_ताई

इथे बॅडमिंटन आलं नाही म्हणजे काय! शटलकॉक ही पिसांचीच वस्तू. सोळा पिसं, बुचात बसवलेली, वजन जेमतेम पाच ग्रॅम. आणि सोळाही पिसं एकाच बाजूच्या पंखाची, बहुधा डाव्या. दोन्ही बाजूंची मिसळली तर शटल नीट फिरणार नाही. मास्तरांच्या लेखणीनंतर डावा पंख इथेही कामाला आला.

हा खेळ १८७० च्या दशकात पुण्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी नियमांत बसवला, तेव्हा त्याला 'पूना'च म्हणायचे. बॅडमिंटन हे इंग्लंडातल्या एका सरदाराच्या वाड्याचं नाव. शटल म्हणजे मागावरचा धोटा, इकडून तिकडे जाणारा. कॉक म्हणजे कोंबडा, पिसांवरून. धोट्या-कोंबडा! आणि पुण्यात आम्ही त्याला काय म्हणतो? फूल. 'काका, फूल तुमच्या गच्चीवर गेलंय.' पिसांच्या वस्तूला फूल म्हणणाऱ्या भाषेला गरीब म्हणू नये.

अटकेपार

प्लूमबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, ही बाजू जरा काळी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथल्या बायकांच्या टोप्यांवर नुसती पिसं नाहीत, अख्खे पक्षी असायचे. सगळ्यात जास्त मागणी बगळ्याच्या विणीच्या दिवसांतल्या त्या झिरमिळ्या पिसांना. बगळ्याचं इंग्रजी नाव आणि त्या तुऱ्याचं नाव मुळात एकच शब्द. विणीच्या दिवसांत मारायचे, म्हणजे घरट्यातली पिल्लंही गेली. आपल्याकडचे बगळे, नीलपंख, खंड्ये गाठोड्यांनी लंडनच्या लिलावात यायचे. १८८९ मध्ये मँचेस्टरजवळ डिड्सबरीला एमिली विल्यमसन या बाईंनी ही पिसं न वापरणाऱ्या बायकांची संस्था काढली. तीच पुढे इथली सगळ्यात मोठी पक्षी-संस्था झाली, आरएसपीबी. हिंदुस्थानातून पिसं बाहेर पाठवायला बंदी आली १९०२ मध्ये. इथे आयात बंद करणारा कायदा व्हायला १९२१ उजाडलं. ज्यांच्या टोप्यांसाठी पक्षी मारले त्यांची बंदी नंतर आली, हे लक्षात घ्या.

पांढऱ्या पिसाचं पण सांगतो. १९१४ च्या ऑगस्टमध्ये फोकस्टन गावी एका निवृत्त अॅडमिरलने बायकांना जमवलं आणि गणवेशात नसलेल्या तरुणांना रस्त्यात पांढरं पीस द्यायला लावलं. अर्थ, तू भित्रा आहेस. हे आलं कोंबड्यांच्या झुंजीतून. झुंजीच्या कोंबड्याच्या शेपटात पांढरं पीस दिसलं तर तो अस्सल वाणाचा नाही, पळणार, असा समज. रजेवर आलेल्या, जखमी होऊन परतलेल्या शिपायांच्या हातातही ती पिसं पडली.

खुराडं

पांढरं पीस असलेला आमचा एक कोंबडा होता. कुत्र्याच्या अंगावर जायचा.

चिमणराव_नव्हे

प्लूमला तुरा म्हणा, वळचणताई. शिरपेचातला मानाचा तुरा. पेपरवाल्यांनी दहावीच्या निकालाला वापरून वापरून पार चोथा केलाय, पण शब्द चांगला आहे. आणि पागोट्यावर खोवायची ती कलगी. शाहिरांत कलगीवाले शक्तीला मोठं मानणारे, तुरेवाले शिवाला. रात्र रात्र सवाल-जवाब चालायचे. पिसांच्या दोन शब्दांवरून भांडणाचं नाव पडलं, कलगीतुरा. शंकासुर आणि मास्तर इथे सकाळपासून तेच करतायत.

ढोबळी_मिरची

वासुदेवाची मोरपिसांची टोपी आणि देवळातलं मोर्चेल राहिलं. प्लूमला आपल्याकडे दुकान नव्हतं, देऊळ होतं.

खडूस_मास्तर

शंकासुरांशी भांडायचं सोडून आता एक शेवटचं, कारण हे सांगितल्याशिवाय झोप यायची नाही.

संस्कृतातला प आणि इंग्रजीतला फ यांची जुनी अदलाबदल आहे. पितृ आणि फादर. पाद आणि फूट. तसं पत्र आणि फेदर. संस्कृतात पत् म्हणजे उडणं आणि पडणंही. त्यापासून पत्र म्हणजे ज्याने उडायचं ते, म्हणजे पंख, पीस. पुढे पीस ते झाडाचं पान, पानावर लिहिलं म्हणून चिठी. लॅटिनमधला पेन्ना त्याच मुळाचा. ग्रीकमधलं प्तेरॉन म्हणजे पंख, तेही तिथलंच. हेलिकॉप्टर हा शब्द लोक हेलि आणि कॉप्टर असा तोडतात, तो खरा हेलिको आणि प्टर असा आहे. मळसूत्री पंख. आपला पतंगही त्यातलाच.

म्हणजे तुम्ही पेनाने पत्र लिहिता तेव्हा पिसाने पिसावर लिहिता.

शंकासुर

हे मात्र मला माहीत नव्हतं.

चिमणराव_नव्हे

वरील प्रतिसादाची वाचनखूण साठवली आहे. शंकासुरांना काहीतरी माहीत नव्हतं.

वळचण

मंडळी, बारावं पान झालं. काल रात्री पाठवलं. असं केलंय:

'पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याच्या अंगावर नुसती लव असते. थोड्या दिवसांनी पंखांच्या कडेला सळ्या फुटतात. एकेक सळी उलगडते आणि आतून पीस निघतं. डोक्यावर तुरा डुलायला लागला आणि पंख फुटले, की पिल्लू पाण्यावरून उडून जातं.'

क्विल गाळला. बदकाच्या गोष्टीत तो नुसता दांडाच होता, लेखणी नव्हती. संपादकबाईंना 'सळ्या' खटकल्या, त्यांना 'कोंब' हवे होते. मी म्हटलं, मिरजेहून खात्री करून घेतलीय. ऐकलं त्यांनी.

लेकीने कबुतराच्या पिसाचं टोक कात्रीने तिरपं कापून शाईत बुडवलं. 'आई' एवढंच लिहून झालं, मग डाग.

आता तेराव्या पानावर टर्की आहे. खाली एक चौकट, 'या पक्ष्याचं नाव एका देशावरून आलं आहे.' हे तसंच लिहू ना?

खडूस_मास्तर

अजिबात नको. हा पक्षी अमेरिकेतला. इंग्रजांना वाटलं तुर्कस्तानचा. तुर्की माणूस त्याला 'हिंदी' म्हणतो. फ्रेंच म्हणतात 'हिंदुस्थानचा'. डच लोकांचं नाव कालिकतवरून. आणि पोर्तुगीज म्हणतात 'पेरू'.

वळचण

पेरू??

खुराडं

ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा.